इवायांनी बसवलेला डिफ्रन्शल

माझ्या माहेरचा ट्रक माझ्या सासरच्या गॅरेजात आला, त्या दिवसापासून माझ्या मागे जे लागलं ते वर्षभर सुटलं नाही. बाईला सासर एकीकडं आणि माहेर दुसरीकडं असलं की मधल्या अंतरात जरा श्वास घेता येतो. त्या ट्रकनं ते अंतर पार मोडून टाकलं.

माहेर अंजनगाव सुर्जीचं. केळीचे बाग आणि थोडा पानमळा. दुसरी मोठी लढाई संपली, सरकारनं मिलिटरीचं उरलंसुरलं सामान विकायला काढलं, आणि दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, त्यातला एक ट्रक घेतला. तोवर आमची केळी बैलबंडीनं अकोल्याला जायची आणि निम्मी वाटेतच काळी पडायची. ट्रक आल्यावर अख्ख्या आळीची केळी दादाच नेऊ लागला. ट्रकचा खाकी रंग त्यानं बदलला नाही, कारण त्या रंगाकडं पाहून नाक्यावरचा शिपाई सवयीनं सलाम ठोकायचा. माळ्याच्या पोराला सलाम मिळतो म्हटल्यावर आमचे आबा नाक्यापर्यंत मुद्दाम ट्रकमध्ये बसून जायचे आणि तिथून पायी परत यायचे.

सासर अकोल्याचं, जठारपेठेकडचं. तेही माळीच, पण फुलांच्या धंद्यातले. माझे सासरे लढाईच्या दिवसांत मिलिटरीच्या डेपोत नोकरीला होते. तिथं ते काय करत हे आमच्या घरात देवाच्या नावासारखं होतं, सगळे घेत, अर्थ कुणी विचारत नसे. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी माझ्या नवऱ्याच्या तोंडून निसटलं की ते टायरांवर चिठ्ठ्या बांधायचे. पण परत आल्यावर त्यांनी फुलांचं दुकान सासूबाईंच्या गळ्यात घातलं आणि शेजारच्या गाळ्यात गॅरेज उघडलं. हाताखाली माझा नवरा. गाडीखाली झोपायचं त्यानं, आणि बोनेट उघडून आत बघत ‘हं’ म्हणायचं सासऱ्यांनी. तो ‘हं’ असा जड असायचा की गिऱ्हाइकाला वाटे, गाडीचा रोग आता उरलाच नाही. काम झालं की दुकानातला झेंडूचा हार गाडीला घालायचे. हार घातलेल्या गाडीत खोट काढायची म्हणजे लग्न लागल्यावर नवरीत खोट काढण्यासारखं, म्हणून गिऱ्हाईक गप घरी जायचं.

तर दादानं एकदा पूर्णा नदीच्या वाळूतून नको तेवढा माल भरून ट्रक काढला आणि डिफ्रन्शल गेला. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा असतो ना, तोच हा. त्यात एक मोठं दातेरी चाक आणि एक लहान दातेरी चाक एकमेकांत अडकून फिरतात, आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवतात. त्यांचे दात गेले की इंजिन कितीही ओरडो, चाकाला काही कळत नाही.

अमरावतीला एक चांगलं गॅरेज होतं. मेळघाटच्या लाकडाचे सगळे ट्रक तिथंच जायचे. दादाला तिकडंच जायचं होतं. आबांनी ऐकलं नाही. “इवायाचं गॅरेज असतानी दुसऱ्याच्या दारात ट्रक उभा केला, तं लोक काय म्हनतीन?” व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात, आणि इवायाचा मान म्हणजे काय हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण. मुलीच्या सासरच्यांचं कधी काही चुकत नसतं, हा त्यातला पहिला धडा. दुसरा धडा नाहीच, तेवढ्यात सगळं आलं.

म्हणून तो ट्रक दुसऱ्या लॉरीला बांधून अकोल्याला आणला. आबा सोबत आले. येताना केळीच्या फण्यांनी भरलेली टोपली आणली, घरच्या मालाचा वानोळा म्हणून, आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या आणला. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही, ही जुनी रीत. उन्हातान्हात आमच्या ओसरीवर बसून ते आपल्याच तांब्यातलं कोमट पाणी पीत आणि सांगत, “आमाले काई लागत नाई, आमाले काई लागत नाई.” लेकीच्या घरचं पाणी चालत नव्हतं, लेकीच्या घरचा डिफ्रन्शल मात्र चालला.

सासऱ्यांनी मिलिटरीच्या डिस्पोजलच्या ढिगातून नवा गोळा आणला होता. चार दिवस गॅरेजात ठोकाठोक चालली. शेवटी सगळं बसलं, आणि जमिनीवर काही पातळ पोलादी चकत्या उरल्या, कागदासारख्या, मधे मोठं भोक असलेल्या. माझा नवरा त्या हातात घेऊन म्हणाला, “बाबा, ह्या मधात टाकाव्या लागते वाटते. दातात दात किती बसवाचा, ते ह्याच्यानंच ठरते.”

सासरे हसले. “अरे, कंपनी जास्तीचं देत असते. आपन हाराच्या वर दोन गुलाब देतो का नाई गिऱ्हाइकाले?”

आता ही चूक जगात दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकनं केली असती असं मला वाटत नाही. त्याला फूलविक्याचंच डोकं हवं. कंपनीनं आपल्यावर खूश होऊन वरून चार चकत्या टाकल्या, हे त्यांना मनापासून पटलं होतं. सासूबाईंनी त्या चकत्या उचलल्या, घासल्या आणि माझ्या तान्ह्या पोरीच्या पाळण्याला बांधल्या. खुळखुळा छान वाजायचा. माझी मुलगी माझ्या भावाच्या डिफ्रन्शलशी खेळून राहिली आहे, हे मला तेव्हा कुठं माहीत!

हार घालून ट्रक निघाला, आणि जठारपेठेच्या कोपऱ्यापर्यंत जाईतो त्याच्या पोटातून जो आवाज उठला तो मी आजवर विसरले नाही. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा आणि तो उचलूच नये, असा. रस्त्यावरची माणसं थांबली. सासरे थांबले नाहीत. “नवा हाय,” ते म्हणाले. “गाईन चार दिवस.” आबांनी मान डोलावली. “आवाज मोठा भारी हाय, इवाई. आमच्या जुन्यात असा दमच नवता.” दादाचं तोंड मला स्टिअरिंगमागं दिसत होतं. त्याला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं, पण तोही म्हणाला, “हो, दम हाय.”

तो ट्रक चार दिवस गायला आणि पुढचे दोन महिने गायला. अंजनगावात दादा आकोटच्या रस्त्यावर असतानाच आईला कळायचं आणि ती चुलीवर तवा टाकायची. बायका लहान पोरांना घाबरवायला त्या ट्रकचं नाव घेऊ लागल्या. दादा बिचारा वेग वाढवायला भ्यायचा, हळू चालवायलाही भ्यायचा, कारण प्रत्येक वेगाला त्याचा वेगळा सूर होता. पण आबांची जीभ काही वळेना. ते दर पंधरवड्याला केळी, पानं घेऊन अकोल्याला यायचे, ओसरीवर बसायचे, आपलं पाणी प्यायचे, आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झाल्यावर हळूच म्हणायचे, “बाकी ट्रक बेस हाय. जरासा बोलते, बाकी बेस हाय.”

ही तक्रार होती. त्यांच्या परीनं भयंकर तक्रार होती. पण सासऱ्यांना ती शाबासकीच वाटायची. ते आणखी ताठ बसायचे आणि दादाला गाडी कशी चालवावी ते सांगायचे. आबा गेले की सासूबाई भाकरी थापता थापता सुरू व्हायच्या. “तुह्या भावाले गिअर टाकता येत नाई. चांगला डिफ्रन्शल देल्ला तं रडवून राहिला त्याले.” गॅरेज चुकणं शक्य नव्हतं, म्हणून माझा भाऊ चुकत होता, आणि त्याच्या चुकीचं मी ऐकून घेत होते. उलट बोलायची सोय नव्हती. दिवाळीला माहेरी पाठवायचं की नाही हे सासूबाईंच्या हातात होतं, आणि त्या हाताला तेव्हा पिठापेक्षा रागच जास्त लागलेला असायचा.

आबांवर मला जास्त राग यायचा, हे खरं सांगते. सासरे आपल्या अज्ञानात सुखी होते. आबांना मात्र सगळं ऐकू येत होतं. बाजारात केळीच्या घडाला एक डाग दिसला तर अर्धा तास भांडणारा माणूस, आणि इवायापुढं त्याच्या तोंडातून ‘बेस हाय’शिवाय काही निघू नये!

मग दादा एकदा केळी उतरवून सरळ आमच्या दारात आला. आवाज आता असा झाला होता की गॅरेजात दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं ते उठून उभं राहिलं. कुणाची मोटर होती मला ठाऊक नाही, पण कोट घातलेला मनुष्य होता, आणि त्यानं विचारलं, “हा तुम्हीच दुरुस्त केलेला का?” सासऱ्यांचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी दादाला म्हटलं, “ठेव ट्रक. सकाळी ने. आवाज राहनार नाई.” दादा मुक्कामाला आपल्या ओळखीच्या अडत्याकडं गेला.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मी शिकरणासाठी केळी काढायला गेले, तर वानोळ्याची टोपली जागेवर नव्हती. गॅरेजात डोकावले. सासरे घमेल्यात केळी कुस्करत बसले होते, बाह्या वर करून, अगदी मन लावून. माझा नवरा ट्रकखाली होता. डिफ्रन्शलच्या गोळ्याला तेल घालायचं जे भोक असतं, त्यातून तो हा लगदा हातानं आत सारत होता. बाजूला सालींचा ढीग, आणि शेजारणीची बकरी तो खात होती. आजवर आमच्या गॅरेजातून तृप्त होऊन गेलेलं मी पाहिलेलं गिऱ्हाईक एवढंच.

मी काही बोलले नाही, घरात आले. नवरा जेवायला बसला तेव्हा विचारलं, “हे काय चाललं होतं?”

तो खाली मान घालून म्हणाला, “जुन्या गाड्या इकनारे असं करतात. केळं तेलात मिसळलं का घट्ट होते, दाताइचा आवाज दबते. बाबानं डेपोत पाह्यलं होतं.”

“आणि दात?”

“दात झिजूनच राहिले.”

“किती दिवस टिकतील?”

“आठ दिवस, पंधरा दिवस. सपाट रस्त्यावर काई होत नाई, गाडी उभी राहते फक्त. मंग दुसरा बसवू. चकत्या टाकून बसवू.” पाळण्याकडं त्यानं एकदा पाहिलं. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. फक्त बापासमोर त्याचा आवाजही केळं घातल्यासारखा दबायचा. मला म्हणाला, “तू काई बोलू नको. बाबाची इज्जत हाय.”

सकाळी ट्रक निघाला तो लोण्यावरून चालल्यासारखा. सगळी आळी बघायला उभी. दादा वेड्यासारखा कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्यानं उतरून सासऱ्यांच्या पाया पडून घेतलं. सासऱ्यांनी त्याला उठवलं, आणि त्या दिवशी झेंडूचा एक हार स्वतःच्या गळ्यातही घातला. मी दारातून पाहत होते. सपाट रस्ता, मी स्वतःला सांगत होते, सगळा सपाट रस्ता. अंजनगाव ते अकोला, चढ ना उतार. ट्रक एखाद्या दिवशी नुसता उभा राहील. बंद पडलेल्या ट्रकनं कुणी मरत नाही.

त्यानंतर आठवड्याभरातच आबा आणि दादा दोघंही आले. आबांनी नवं पागोटं बांधलं होतं. म्हणजे बातमी आनंदाची होती. ओसरीवर सतरंजी टाकली, सासरे गादीवर बसले, माझा नवरा खांबाला टेकून उभा. सासूबाई आणि मी दाराआड. आबांनी तांब्यातलं पाणी प्यायलं आणि सांगितलं की दादाला मेळघाटात काम मिळालं आहे. घाटातून बांबू खाली परतवाड्याला आणायचा. वर जाताना बांबू तोडणारी माणसं न्यायची, खाली येताना बांबू, आणि बांबूवर बसून तीच माणसं. “उद्यापासून,” आबा म्हणाले. “इवाई, तुमी ट्रक असा करून देल्ला म्हनून हे काम भेटलं. नाई तं त्या आवाजाले कोन घाटात घेनार होतं?”

सासरे गंभीरपणे ‘हं’ म्हणाले.

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता. घाटाच्या उतारावर भरलेली गाडी इंजिनाच्या गिअरवर धरून आणायची असते, हे मी त्याच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. दात गेले तर धरायला उरतात फक्त ब्रेक, आणि त्या ट्रकच्या ब्रेकांबद्दल दादा स्वतःच म्हणायचा की ते नवस बोलल्यावर लागतात. मी वाट पाहिली. आता हा बोलेल, म्हटलं. निदान खाकरेल. सासऱ्यांकडं पाहिलं. म्हटलं, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आता हे काहीतरी निमित्त काढून ट्रक ठेवून घेतील, ‘जरा तेल बदलून देतो’ म्हणतील. तेवढं म्हणाले असते तरी मी जन्मभर गप्प बसले असते.

सासरे म्हणाले, “घाटात जपून जाजो बापा. बाकी गाडीची फिकर करू नको.”

तेव्हा मी बाहेर आले. दोन इवाई समोरासमोर बसलेले असताना सुनेनं ओसरीवर पाऊल टाकायचं नसतं. डोक्यावरचा पदर तेवढा सांभाळला, बाकी काही सांभाळलं नाही.

“दादा,” मी म्हटलं, “घाटात जाऊ नको. त्या गोळ्यात केळं भरलं हाय. दात झिजले हायेत, म्हनून आवाज येत नाई. खालचा नट खोल अन् पाह्य.”

पाळण्यातल्या चकत्या तेवढ्या वाजत होत्या. मग पहिले बोलले ते माझे आबा.

“असं बोलतात का इवायाच्या तोंडावर? आत जाय.”

“आबा, हा मरून जाईन.”

“आत जाय म्हनतो ना मी!” आणि दादाकडं वळून ते म्हणाले, “चाल रे, निंगू आपन.” मला आजही त्या वाक्याचा राग येतो. पोरगा त्यांचा, घाट समोर, आणि त्यांना घाई कशाची, तर इवायाचा अपमान आणखी वाढू नये म्हणून तिथून उठायची.

दादा उठला, पण रस्त्याकडं गेला नाही. गॅरेजातला पाना घेतला, ट्रकखाली शिरला आणि नट खोलला. सगळे ओसरीच्या कडेला येऊन उभे राहिले. काळाकुट्ट लगदा भळभळ खाली पडला, आणि जळक्या केळ्याचा वास सुटला. दादानं त्यात बोटं घातली आणि हात बाहेर काढला. तळहातावर पोलादाचे तुकडे चमकत होते, कुठं अर्धा दात, कुठं पाऊण. तो ते तुकडे घेऊन आबांपुढं उभा राहिला.

आता सासऱ्यांना बोलणं भागच होतं. त्यांनी लगद्याकडं पाहिलं, केळीच्या टोपलीकडं पाहिलं, आणि पाठ ताठ केली. “आमच्या घरी केळीचा बाग नाई,” ते म्हणाले. “हे केळं अंजनगावचं हाय.”

मला वाटलं, आता तरी आबा भडकतील. आबा वाकले. लगदा चिमटीत धरून त्यांनी बघितला, अनुभवी नजरेनं, बाजारात बघत तसा. “हो,” ते म्हणाले, “माल आमचाच दिसते.” मग त्यांनी डोक्यावरचं ते नवं पागोटं काढलं आणि सासऱ्यांच्या पायांवर ठेवलं. “पोरगी तोंडाची फाटकी हाय, इवाई. लहानपनापासून आमी शिकवलं नाई, आमची चूक. पदरात घ्या.”

ज्यानं त्यांच्या मुलाला मारायचंच काय ते बाकी ठेवलं होतं त्याच्या पायावर पागोटं, आणि जिनं वाचवलं तिच्या नावानं माफी. आणि सासऱ्यांनी, सांगायला लाज वाटते, मोठ्या मनानं माफ केलं. पागोटं उचलून आबांच्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, “होते बापा. पोरीच हायेत.”

मी आत जाऊन चुलीपुढं बसले आणि हुंदके देऊन रडले. भीतीनं नाही, संतापानं. सासूबाई आल्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि भाकरीचं पीठ माझ्यापुढं सरकवलं. त्यांच्या लेखी तो समेट असावा.

दादानं दुसऱ्या एका लॉरीला दोर बांधून ट्रक अमरावतीच्या गॅरेजात नेला. तिथं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. निघताना सासऱ्यांनी त्या ओढून न्यायच्या ट्रकलाही हार घातला, हे मात्र मी स्वतः पाहिलं. सवय.

त्यानंतरची गंमत ऐका. मला वाटत होतं सासर मला छळेल. छळलं थोडं, नाही असं नाही. आमच्या घरात केळं येणं कायमचं बंद झालं, शिकरणाचं नावही कुणी काढेना. नवऱ्यानं मात्र एक दिवस पाळण्याच्या चकत्या सोडून नेल्या आणि पुढच्या प्रत्येक डिफ्रन्शलमध्ये मोजून चकत्या टाकू लागला. सासरे पाहत, ‘हं’ म्हणत. गिऱ्हाइकांना कुठून कळलं कोण जाणे, पण गाडी घेताना कुणीतरी हसत म्हणायचंच, “एकडाव सूनबाईले इचारून घ्या, मंगच नेतो.” आणि धंदा चक्क वाढला. सासूबाईंना तर शेजारणीला सांगताना मी ऐकलं, “आमच्या सुनेसमोर लबाडी चालत नाई बाप्पा.”

रुसलं ते माहेर. दिवाळीला मला न्यायला कुणी आलं नाही. भाऊबीज कोरडी गेली. मी ताट तयार करून संध्याकाळपर्यंत बसले, मग निरांजन आपोआपच विझलं. संक्रांतीला तिळगूळ आला तोही अडत्याच्या हाती. आबांचा निरोप असा होता की, सध्या नको, इवायाच्या मनातून जाऊ दे. इवायाच्या मनात मुळात काही उरलंच नव्हतं. ते रोज माझ्या हातचं दोन वेळा जेवत होते. पण आबांना ते कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी मान डोलावून ‘बेस हाय’ म्हटलं असतं.

मग थंडी सरता सरता एका दुपारी कोपऱ्यावर हॉर्न वाजला. पोरीला कडेवर घेऊन मी गेले. ट्रक उभा होता, मागं रिकामा, केळी उतरवून परत निघालेला. दादा खाली उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. वाळला होता, रापला होता. घाटातही आता जात असतो म्हणाला.

“आबा म्हनतात,” तो म्हणाला, “तू बोलाले नाई पायजे होतं.”

“आणि तू काय म्हनतं?”

तो माझ्याकडं न बघता समोरच्या रस्त्याकडं पाहत म्हणाला, “मी जिता हाव. मी काय म्हनू?”

“मंग दार उघड,” मी म्हटलं.

मी चढून बसले. ना कुणाला विचारलं, ना लुगडं बदललं. गॅरेजातून माझ्या नवऱ्यानं पाहिलं, तेलकट हात पुसत आला, आणि मला वाटलं आता हा अडवणार. त्यानं दोरीवर वाळत घातलेलं पोरीचं टोपडं आणून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा गाडीखाली जाऊन झोपला.

अंजनगावला पोचलो तेव्हा आबा अंगणात विड्याच्या पानांचे गठ्ठे बांधत बसले होते. चार शेजारी बसलेले होते. मला पाहून ते उठले. नातीकडं हात पुढं केलेच होते, पण मधेच थांबले.

“इवायाले इचारून आली ना?”

“नाई,” मी म्हटलं. “तुमचा पोरगा वाचवाले मी कोनाले इचारलं नवतं. आता बापाच्या घरी याले काहून इचारू?”

आबांनी शेजाऱ्यांकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, दादाकडं पाहायचं टाळलं. “हळू बोल,” ते म्हणाले. “लोक आयकतीन.”

म्हणून मी तेच पुन्हा म्हटलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.